आंबवणाची विद्या आपली, बाटली मात्र परक्याची

गेल्या आठवड्यात ‘मूल्य आणि किंमत’ या विषयावरील तास संपल्यावर द्वितीय वर्षाच्या वर्गातील एक विद्यार्थिनी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात काचेची एक छोटी बाटली होती. मुंबईच्या आत्याने ती वाढदिवसाची भेट म्हणून पाठविलेली. चेहऱ्याला लावावयाचे ते द्रव्य परदेशी बनावटीचे होते आणि ‘आंबवलेल्या वनस्पतींचा अर्क’ हे त्याचे वैशिष्ट्य म्हणून खोक्यावर मोठ्या दिमाखाने छापलेले होते. खोक्यावरील किमतीवर बोट ठेवून ती म्हणाली, “सर, बाबांनी गेल्या महिन्यात शंभर नारळ सोलून व्यापाऱ्याला दिले, त्यांचेही एवढे पैसे आले नाहीत. आणि आंबवायचंच म्हटलं तर आमची आई आंबोळीचं पीठ नेहमीच आंबवते. मग हे पैसे नक्की कशाचे?”

प्रश्न साधा होता. मागणी, पुरवठा, जाहिरात असे पाठ्यपुस्तकी उत्तर मी दिले. पण त्याने तिचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगावयाचे तर माझेही झाले नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या अर्थकारणाचे जुने दुखणे त्या एका प्रश्नात सामावलेले आहे. माल आपला, हात आपले आणि पुष्कळदा विद्याही आपली. पण किंमत जेथे ठरते ती जागा आपली नाही. त्वचेच्या प्रसाधनांत ‘आंबवलेले’ या शब्दाला आज जगभर जो भाव आला आहे, त्याच्या निमित्ताने या दुखण्याचा थोडा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

विरजणापासून प्रयोगशाळेपर्यंत

आंबवणे म्हणजे सूक्ष्म जीवांकडून काम करवून घेणे. यीस्ट, दह्यातील जिवाणू आणि काही जातींच्या बुरश्या साखरेवर वा पिठूळ द्रव्यांवर जगतात आणि त्यांचे रूपांतर आम्लांत, मद्यार्कात किंवा अन्य संयुगांत करतात. दूध आंबते त्यामागे जिवंत सूक्ष्म जीव असतात, हे लुई पाश्चर यांनी १८५७ साली मांडले. परंतु त्यांचे नावही ठाऊक नसताना आपल्या घराघरांतून विरजण जपले जात होते. आयुर्वेदातील आसवे आणि अरिष्टे ही तर या विद्येची शास्त्रबद्ध शाखाच होय. वनस्पतींचा रस अथवा काढा, त्यात गूळ वा मध, त्यावर धायटीची फुले, आणि तोंड लिंपून आठवडेच्या आठवडे ठेवलेले भांडे, हा विधी शार्ङ्गधर संहितेत प्रमाणांसह सांगितलेला आहे. कोरफडीपासून होणारे कुमारी आसव आजही घरोघरी परिचित आहे.

याचा त्वचेशी संबंध काय? दह्यात जे लॅक्टिक आम्ल तयार होते, ते मानवी त्वचेच्या बाह्य थरातील ओलावा धरून ठेवणाऱ्या नैसर्गिक द्रव्यांपैकी एक आहे. बेसन आणि दही अंगाला चोळून न्हाऊ घालणाऱ्या आजीला हे रसायनशास्त्र माहीत नव्हते, पण त्याचा परिणाम ठाऊक होता. प्रसाधनांत आज सर्रास वापरले जाणारे हायालुरॉनिक आम्ल पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढीत. आता ते बव्हंशी जिवाणूंकरवी तयार करवून घेतात. जपानी लोकांनी भातावर वाढविलेल्या ‘कोजी’ बुरशीतून १९०७ साली कोजिक आम्ल वेगळे केले आणि पुढे ते डाग उजळविणाऱ्या मलमांत जाऊन बसले. त्याच जपानात १९८० साली ‘एसके-टू’ नावाचे प्रसाधन बाजारात आले. साके गाळणाऱ्या वृद्ध कामगारांचे हात तरुणासारखे मऊ दिसले आणि त्यावरून या द्रव्याचा शोध लागला, अशी कथा त्याचे उत्पादक सांगतात. कथा कितपत खरी हा प्रश्न वेगळा. पण तांदूळ आंबविणाऱ्या एका देशाने आपल्या कामगाराचा हात जगाला दाखविला आणि त्याची किंमत वसूल केली, हे मात्र खरे.

याचा अर्थ बाटलीवर छापलेला प्रत्येक दावा खरा, असा कोणी घेऊ नये. लॅक्टिक आम्लासारख्या ठरावीक घटकांचे गुण तपासलेले आहेत. ‘आंबवलेला अर्क’ या मोघम नावाखाली मात्र पुष्कळ काही खपते. कोणती वनस्पती, कोणता सूक्ष्म जीव, किती काळ आंबविले आणि अखेरीस बाटलीत काय उरले, यांची उत्तरे मिळाल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही.

पैसे कशाचे?

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या निबंधाचा वाटा मोठा होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मालाचा कस विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला तो कळत नाही, म्हणून घेणारा सरासरी भावापेक्षा अधिक द्यावयास कचरतो, आणि त्या भावात चांगला माल विकणे न परवडल्यामुळे चांगला विक्रेताच बाजारातून बाहेर पडतो.

त्वचेचे प्रसाधन हा असाच माल आहे. बाटली उघडून, हुंगून किंवा बोटावर घेऊन तिचा कस कळत नाही. महिनाभर लावूनही फरक पडला तो कशाने पडला, हे सांगता येत नाही. म्हणूनच ग्राहक जे पैसे मोजतो, ते मोठ्या अंशी विश्वासाचे असतात. त्यातील काही विश्वास जाहिरातीने विकत घेतलेला असतो, हे खरेच. पण काही खराही असतो. प्रत्येक घाणीचा माल सारखा असेल, त्यात घातक जंतू नसतील, दोन वर्षांनी तो नासलेला नसेल, याची हमी त्यात असते. ही हमी निर्माण करावयाला प्रयोगशाळा लागते, नोंदी लागतात, शिस्त लागते. शंभर नारळ आणि ती एक बाटली यांच्यातील अंतर हे मुख्यतः या हमीचे अंतर आहे. आईच्या आंबोळीच्या पिठाला ती हमी लागत नाही, कारण खाणारे तिला ओळखतात. अनोळखी माणसाला विकावयाचे म्हटले, की ओळखीची जागा पुराव्याला घ्यावी लागते.

मुठेलाचा धडा

पुरावा आणि प्रक्रिया आपल्या हाती नसली म्हणजे काय होते, याचे उदाहरण शोधावयाला दूर जाण्याचे कारण नाही. रातांब्याच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर तरंगणारा स्निग्धांश काढावयाचा आणि तो थिजू लागला की मुठीत दाबून त्याचे गोळे करावयाचे, हा उद्योग आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला. मुठीत वळलेले म्हणून ते मुठेल. दक्षिणेकडे त्यालाच भिरंडेल म्हणतात. भातलावणीच्या चिखलात कुजलेल्या, भेगाळलेल्या पायांना रात्री चुलीपाशी बसून ऊन मुठेल लावणारी माणसे माझ्या पिढीने पाहिलेली आहेत. मुठेल हे काही आंबवलेले द्रव्य नव्हे. पण वनस्पतीपासून त्वचेसाठी काढलेली, आणि ज्यांची विद्या आपल्या बायकांच्या हातांत होती अशी ती वस्तू आहे, आणि तिचे पुढे काय झाले हे पाहण्याजोगे आहे.

रातांब्याच्या बीमध्ये वजनाच्या सुमारे चतुर्थांश स्निग्धांश असतो. नेहमीच्या तापमानाला तो घट्ट राहतो आणि चाळीस अंशांच्या आसपास वितळतो. या गुणामुळे मलमे आणि ओठांची प्रसाधने बनविणाऱ्यांना तो हवासा वाटू लागला. २००० साली युरोपीय संघाने चॉकलेटविषयी जो निर्देश काढला, त्यात कोकोच्या लोण्याव्यतिरिक्त पाच टक्क्यांपर्यंत वापरता येतील अशा सहा वनस्पतिजन्य स्निग्ध द्रव्यांची यादी आहे. तिच्यात कोकमाला नावानिशी स्थान मिळाले. म्हणजे आमच्या चुलीपाशी वळलेला गोळा ब्रुसेल्सच्या कायद्यात जाऊन पोहोचला! पण जिल्ह्यात काय बदलले? आमसूल आणि सरबतासाठी साल वापरली जाते. बी मात्र बहुधा पोत्यांत भरून व्यापाऱ्याच्या हवाली होते. ती दळणे, तिचे तेल काढून शुद्ध करणे, त्याला ‘कोकम बटर’ हे नाव देणे आणि त्याचे प्रमाणपत्र काढणे ही कामे अन्यत्र होतात. २०१६ साली सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. तथापि मानांकनाने नाव मिळते. भाव मिळविण्यासाठी त्या नावामागे प्रक्रियेची आणि तपासणीची यंत्रणा उभी करावी लागते. ती उभी राहिली नाही, म्हणून नाव आपले आणि नफा दुसऱ्याचा, ही स्थिती कायम राहिली.

अंगणातील तीन वस्तू

आंबवलेल्या द्रव्यांच्या बाबतीत हाच प्रकार पुन्हा घडू पाहत आहे. आपल्या अंगणात आणि रानात यासंबंधी विचार करावा अशा निदान तीन वस्तू आहेत.

पहिली नारळ. खोबरे वाळवून घाण्यावर काढलेले खोबरेल आपल्या परिचयाचे आहे. दुसरी एक पद्धत अशी की, ओल्या नारळाचे दूध काढून ते उबदार जागी वीस ते चोवीस तास ठेवावयाचे. नैसर्गिक आंबण्याने दुधातील प्रथिनांची पकड सुटते आणि तेल, साय व पाणी असे थर वेगळे होतात. वरचे तेल गाळून घेतले की ते पाण्यासारखे नितळ आणि नारळाच्या ताज्या वासाचे असते. कासरगोड येथील केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेने या पद्धतीवर काम केलेले आहे. फिलिपाइन्सने अशा तेलाचे राष्ट्रीय मानक २००४ सालीच ठरविले आणि त्याच्या जोरावर निर्यात वाढविली. लिटरभर तेलाला साधारणपणे बारा ते पंधरा नारळ लागतात असे धरले, तर त्या मुलीच्या वडिलांच्या शंभर नारळांतून सात-आठ लिटर तेल निघाले असते. शिवाय चोथा आणि करवंटी उरली असती ती वेगळीच. हे तेल आंबविल्यामुळे जादूचे होते असे मुळीच नाही. त्यातील प्रमुख घटक जे लॉरिक आम्ल, ते साध्या खोबरेलातही तितकेच असते. फरक पडतो तो गंधात, रंगात आणि स्वच्छतेत. आणि प्रसाधने बनविणारा त्याचेच पैसे मोजतो.

दुसरी वस्तू काजूचे बोंड. काजूबीच्या कित्येक पट वजनाचे हे रसाळ फळ बी पिळून घेतल्यावर झाडाखाली कुजत पडते. तेरेखोलच्या पलीकडे गोव्यात हाच रस आंबवून फेणी करतात. तिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला राज्याच्या वारशाचा दर्जा दिला. अलीकडच्या काठावर मात्र आंबलेला रस म्हटला की १९४९ च्या दारूबंदी कायद्याची छाया पडते. गावोगाव दारू गाळावी असे माझे म्हणणे नाही. परंतु मद्याशिवाय या रसातून आम्ले वा त्वचेला उपयुक्त अर्क मिळतील काय, याचा शोध घेणे हे विद्यापीठाचे काम आहे, आणि असा शोध घेणाऱ्याला परवान्यासाठी वर्षभर हेलपाटे घालावे लागू नयेत, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

तिसरी वस्तू धायटी. सह्याद्रीच्या उतारांवर उन्हाळ्याच्या तोंडी लाल फुलांनी पेटल्यासारखे दिसणारे हे झुडूप. त्याच्या फुलांतील मध आणि त्यांवर नैसर्गिकपणे असणारे यीस्ट यांमुळे आसवांचे आंबवण सुरू होण्यास मदत होते. म्हणजे आंबवलेल्या वनस्पतींचे विरजणच आमच्या डोंगरात फुलते. ते वेचणारे हात मात्र रोजंदारीच्या हिशेबात मोजले जातात.

उत्साहाचेही दुखणे असते

एवढे वाचून कोणी उद्याच ‘आंबवलेल्या कोकणी मलमा’चा कारखाना काढावयास निघेल, तर त्याला मी हात जोडून थांबवीन. कारण या उत्साहाची किंमत मी जवळून पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी तालुक्यातील एका गावच्या महिला बचत गटाला एका संस्थेने तीन दिवसांचे प्रशिक्षण दिले. कोरफडीचा गर आणि नारळाचे दूध घालून चेहऱ्याचे मलम करावयाचे, असा तो कार्यक्रम होता. समारोपाला पाहुणा म्हणून मलाच बोलाविले होते आणि स्वयंरोजगारावर मी भाषणही ठोकले होते. बायकांनी कर्ज काढले, डब्या आणल्या, लेबले छापली. मलम टिकावे कसे, जंतूंची तपासणी कोठे करावी, परवाना कोणाकडून घ्यावा, हे त्या तीन दिवसांत कोणी सांगितले नव्हते. आणि विचारावे हे मलाही सुचले नव्हते. श्रावणातल्या दमट हवेत डब्यांना बुरशी आली. दुकानदारांनी माल परत केला. पुढची दोन वर्षे त्या बायकांनी आंब्याच्या बागांतील मजुरीतून हप्ते फेडले. त्यांतील एक बाई मला बाजारात भेटतात. त्या कधी तक्रार करीत नाहीत, “सर, बरे आहात ना?” एवढेच विचारतात. त्या वेळी मान खाली घालण्याखेरीज मला काही करता येत नाही.

आंबवणे आणि नासणे यांत तसा फार फरक नाही. आपल्याला हवे असलेले सूक्ष्म जीव वाढले तर आंबले म्हणावयाचे, नको असलेले वाढले तर नासले. स्वयंपाकघरात हा फरक नाक ओळखते. दुसऱ्याच्या चेहऱ्याला लावावयाच्या वस्तूत तो प्रयोगशाळेनेच ओळखला पाहिजे. प्रसाधनांचे उत्पादन १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम यांच्या कक्षेत येते, हे योग्यच आहे. तक्रार कायद्याविरुद्ध नाही. कायदा पाळण्याची साधने मोठ्या कंपनीजवळ आहेत आणि बचत गटाजवळ नाहीत, ही खरी तक्रार आहे.

करावयाचे ते काय?

पहिली गोष्ट म्हणजे मलमाच्या मागे न लागता घटकद्रव्याच्या मागे लागावे. ग्राहकाला डबी विकण्यात जाहिरात आहे, फॅशन आहे आणि मोठी जोखीम आहे. प्रसाधने बनविणाऱ्यांना प्रमाणित तेल पिंपांतून विकणे हे तुलनेने सोपे आणि टिकाऊ काम आहे. ‘आंबवलेले’ हा शब्द उद्या फॅशनबाहेर गेला तरी चांगल्या तेलाची मागणी राहील.

दुसरी गोष्ट, जिल्ह्यात एक सामायिक प्रक्रिया व तपासणी केंद्र निघाले पाहिजे. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्याजवळ आहे. शहराला लागून खाडीपलीकडे भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र आहे. महाविद्यालयांत रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकविणारे विभाग आहेत. या सर्वांना एकत्र आणून, बचत गटाला परवडेल अशा शुल्कात नमुना तपासून देणारे आणि लेखी निष्कर्ष हाती ठेवणारे केंद्र काढणे जिल्हा नियोजन समितीच्या आवाक्याबाहेरचे नाही. सभागृहे आणि प्रवेशद्वारे यांवरील खर्चातून थोडी बचत केली तरी सुरुवात होईल. अकरलॉफ यांच्या भाषेत बोलावयाचे तर, विश्वास निर्माण करणारी ही सार्वजनिक सोय होय. ज्या छोट्या उत्पादकाला जाहिरात परवडत नाही, त्याची पत अशा दाखल्यावर उभी राहते.

तिसरी गोष्ट संघटनेची. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांच्या पाठीशी धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ उभा होता. कोकणात तसे का घडले नाही, याची कारणे सर्वांना माहीत आहेत: तुकड्यांची जमीन, विखुरलेली झाडे, मुंबईला गेलेले तरुण आणि मनिऑर्डरवर चाललेली घरे. पण नारळाच्या दुधाला उसाइतका मोठा कारखाना लागत नाही. ते काढल्याबरोबर आंबू लागते, म्हणून प्रक्रिया गावातच व्हावी लागते. हा दोष नसून आपल्या बाजूची गोष्ट आहे. दहा-बारा गावांच्या गटांनी तेल काढावे आणि त्यांच्या मालकीच्या उत्पादक कंपनीने ते तपासून एका नावाने विकावे, अशी रचना २००२ साली कंपनी कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे शक्य झालेली आहे.

चौथी गोष्ट रानातील मालाची. २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक समाजाला लाभातील वाटा मिळावा हे तत्त्व मान्य केले. देशी कंपन्यांनाही हा वाटा द्यावा लागेल, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. पुढे २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला यातून सूट मिळाली. म्हणजे जी विद्या पोथीत लिहिली गेली तिच्यासाठी वाटा मागण्याची सोय आता उरलेली नाही. अशा वेळी ग्रामपंचायतींच्या जैवविविधता समित्यांनी निदान आपल्या रानात काय आहे आणि ते कोण वेचते, याची नोंदवही तरी मनापासून भरावी. धायटीची फुले वेचणाऱ्या बाईचे नाव कोणत्याही कागदावर नसेल, तर तिचा वाटा कायद्यात असून तिच्या पदरात पडावयाचा नाही.

त्या विद्यार्थिनीला पुढच्या तासाला मी नवे उत्तर दिले. म्हटले, बाटलीतील पैसे थोडे मालाचे, थोडे फॅशनचे आणि पुष्कळसे पुराव्याचे आहेत. तिने क्षणभर विचार केला आणि विचारले, “मग आपल्याकडे पुरावा कुठे मिळतो, सर?” तिला सांगण्याजोगा पत्ता माझ्याजवळ नव्हता. तो पत्ता या जिल्ह्यात निर्माण करणे, एवढेच काम सध्या आपल्यापुढे आहे. ते झाले नाही, तर रातांब्याच्या बीच्या पोत्यांमागून नारळाची आणि धायटीचीही पोती घाट चढून जातील, आणि कोणाच्या तरी आत्याने पाठविलेल्या भेटीतून थेंबाथेंबाने परत येतील.